मेणाला धूळ लागू नये म्हणून

“बंद कर गं ती मोटर! बारके, बंद कर म्हणते ना!”

आक्काच्या चिमट्यात वरचा समोरचा दात होता आणि पुढ्यात नुकतं मऊ केलेलं मेण. असा दात हातात असताना ती कुणाशी बोलत नसे. घराला आग लागली तरी आक्का आधी दात टेकवील आणि मग बादली शोधील, असं तिची बहीणच म्हणायची. पण आज मधल्या दारापलीकडच्या मोटरच्या घरघरीवर खोकल्याचा आवाज चढला होता, आणि तो काही केल्या खाली यायचं नाव घेत नव्हता.

आक्कानं दात ताटलीत टाकला, उठली आणि दार उघडलं.

कामाच्या वेळी ते दार उघडायचं नाही, हा घरचा कायदा. तो आक्कानंच केलेला. आत बारकी भिंतीला हात टेकून वाकली होती. केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. पिठाच्या डब्यात पडून निघालेल्या मांजरीसारखी दिसत होती. नाकावर बांधायचा रुमाल गळ्यात आला होता आणि मोटरचं चाक रिकामंच फिरत होतं.

बारकीनं मान वळवली. दोन उबळींच्या मधे तिला जेमतेम बोलण्यापुरती फट मिळाली, तेवढ्यात ती म्हणाली,

“मेण उघडं आहे तुझं. दार लाव आधी.”

*

दोघी बहिणी कवळ्या करायच्या. लोकांना वाटतं, कवळी दातांचे डॉक्टर करतात. डॉक्टर फक्त तोंडाचं माप घेतात आणि ते अशा दोन खोल्यांच्या कारखान्यात पाठवतात. मापावरून प्लास्टरची हिरडी ओतायची, तिच्यावर मेणात एकेक दात लावायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून शिजवायचं. साच्यातून कवळी बाहेर येते ती खडबडीत, ओबडधोबड. ती मोटरच्या चाकावर पांढरी पावडर लावून घासायची, घासायची आणि पुन्हा घासायची, इतकी की म्हाताऱ्या माणसाच्या नाजूक हिरडीला ओरखडा येता कामा नये.

“अर्ध्या शहराचं हसू आमच्याकडनं जातं,” आक्का म्हणायची, “आणि रस्त्यात ओळख द्यायला गेलं तर माणसं पटकन तोंड मिटून घेतात.”

काम वडिलांचं. दोघी त्यांच्याच हाताखाली शिकल्या, आणि त्यांची पद्धत अशी की अख्खी कवळी ज्याची त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत करायची. आक्काचं लग्न राहून गेलं. बारकीचं झालं, पण नवरा फार लवकर गेला आणि ती लेकीला कडेवर घेऊन परत आली. मागोमाग वडीलही गेले. दोघींच्या गळ्यात एक कारखाना आणि एक रांगतं पोर पडलं.

तेव्हा आक्कानं एक हिशोब केला होता. कागदपेन्सिल न घेता, चहा उकळेपर्यंत, मनातल्या मनात.

दोन्ही कामांत आक्का पुढे होती. ह्यात गर्व नव्हता. ही बाब नाकाइतकी उघड होती. आक्का तीन कवळ्यांचे दात लावी तेवढ्यात बारकीचे एकीचे लागत, आणि तेही असे की चावताना उजवी बाजू भेटली की डावी रुसून बसे. घासण्यात मात्र आक्काच्या चार झाल्या तर बारकीच्या तीन होत. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, दोन्ही मलाच जास्त जमतं, तर दोन्ही मीच करते, तू आपली चहाचं बघ. आक्काला वेगळंच सुचलं. मी घासायला बसले की तेवढा वेळ माझे दात लावायचे राहतात, आणि ते बारकीच्यानं भरून निघत नाहीत. ती घासायला बसली तर मात्र फारसं काही बुडत नाही. दोन्हीकडे मागे असलेलं माणूससुद्धा एकीकडे कमी मागे असतं. त्याला तिथं उभं करायचं.

“तू घास, मी लावते,” आक्का म्हणाली.

“सगळ्या मी घासायच्या?”

“सगळ्या. आणि दात सगळे मी.”

“सुटले बाई,” बारकी म्हणाली होती. “त्या दातांनी माझं डोकं खाल्लंय.”

हिशोब खरा निघाला. तेवढ्याच दोन बायका, तेवढेच हात, पण जिथं चार व्हायच्या तिथं पाच कवळ्या बाहेर पडू लागल्या, आणि हात बसत गेले तशा सहा. गळकं छप्पर गेलं. पोर शाळेत गेली, कॉलेजात गेली. आणि बारकी, जी वडिलांच्या वेळी पाहुण्यासमोर यायला लाजायची, तिच्या हाताला असं काही वळण आलं की डॉक्टर लोक निरोप पाठवू लागले, कवळी कुणीही करा, पण घासायला धाकट्या बाईंकडेच द्या.

एकच अडचण होती. घासलं की धूळ उडते. ती मेणावर बसली की शिजताना आत जाते आणि गुलाबी हिरडीवर ठिपके उठतात. दोन-चार कवळ्या परत आल्या तशी आक्कानं सुतार बोलावला आणि दोन खोल्यांच्या मधे घट्ट बसणारं दार करून घेतलं. खालच्या फटीला रबराची पट्टीसुद्धा मारली. आतल्या खोलीला हातरुमालाएवढी एक खिडकी होती. पण धूळ शेजारणीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते म्हणून शेजारीण भांडायला आली, आणि खिडकीला खिळे ठोकले गेले.

म्हणजे मेण वाचलं. शेजारणीचे कपडे वाचले. राहता राहिली धूळ, तिला जायला बारकीशिवाय जागा उरली नाही.

हे वाक्य आक्काच्या मनात तेव्हा आलं नव्हतं. आता यायला लागलं, आणि आलं की जात नव्हतं.

*

छातीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला.

“काय काम करता?”

“घासते,” बारकी म्हणाली.

“भांडी?”

“दात. माझे नाही, लोकांचे.”

आक्कानं सगळं नीट सांगितलं. डॉक्टर ऐकत होते, मधेच फोटोकडे बघत होते. मग म्हणाले, “जी आत बसली ती धूळ काही आता निघायची नाही. पण ह्यापुढे एक कणही जायला नको. त्या खोलीत पाय ठेवायचा नाही. कळलं?”

“एक दिवसाआड?” बारकीनं घासाघीस केली.

“पायच ठेवायचा नाही.” डॉक्टर आक्काकडे वळले. “तुम्हीपण हेच काम करता?”

“नाही. मी दात लावते. बाहेरच्या खोलीत.”

“मग तुम्हाला काळजीचं कारण नाही,” डॉक्टर म्हणाले, आणि आपण काहीतरी चांगली बातमी दिली अशा चेहऱ्यानं हसले.

जिन्यात बारकी कठड्याला धरून उभी राहिली. दम खाऊन झाल्यावर म्हणाली, “त्यांचे समोरचे दोन दात लावलेले आहेत. बघितलेस? लावलेत बरे, पण कडा कुणी घासल्यात कोण जाणे. जिभेला रोज टोचत असतील बिचाऱ्याच्या.”

आक्काला हसायचं होतं. तिनं बारकीच्या हातातली पिशवी घेतली. पिशवीत फोटो होता, कागदासारखा हलका. तो तिला घरी पोचेपर्यंत जड झाला.

*

संध्याकाळी बारकीची लेक शाळेतून आली. तिला घरात मास्तरीणबाई म्हणत. मोठ्या मुलांना अर्थशास्त्र शिकवायची. आईच्या फोटोचं ऐकून ती आधी रडली, मग चिडली, मग तिनं आईला निजवलं आणि उद्याचा धडा काढून मावशीच्या टेबलाशी येऊन बसली. काहीतरी नेहमीचं केल्याशिवाय तिलाही चैन पडत नसावं.

“काय शिकवणार उद्या?” आक्कानं विचारलं. तिलाही नेहमीचंच काहीतरी बोलायचं होतं.

“दोन देश असतात. एकाला कापडही चांगलं जमतं आणि धान्यही. दुसऱ्याला दोन्ही कमीच जमतं. तर पोरं म्हणतात, मग पहिल्यानं दुसऱ्याशी व्यापार करायचाच कशाला? तिथं समजावून सांगावं लागतं. पहिल्यानं जे सगळ्यात जास्त चांगलं जमतं ते करावं, दुसऱ्यानं ज्यात तो कमी मागे आहे ते करावं, आणि अदलाबदल करावी. दोघांचंही भलं होतं.” ती थांबली आणि एकदम म्हणाली, “अगं मावशी, हे तर तुमचंच! तू आणि आई! तू हे पुस्तक न वाचता काढलंस की गं!”

आक्का चिमटा पुसत राहिली.

“उद्या मी वर्गात तुमचंच उदाहरण देते. कापड-धान्य राहू दे.”

“नको,” आक्का म्हणाली.

“का? खरंच सांगते, इतकं सरळ उदाहरण—”

“त्या पुस्तकात कापडाची धूळ कुठं जाते ते दिलंय का?”

मास्तरीणबाईनं पुस्तकाकडे पाहिलं. जणू खरंच एखाद्या पानावर ते असेल आणि तिचं वाचायचं राहिलं असेल. मग तिनं ते हळूच मिटलं.

“तू मुद्दाम नाही ना केलंस मावशी,” ती म्हणाली.

आक्कानं मान हलवली. मुद्दाम नव्हतंच केलं. हेच तर तिला कुठं ठेवावं कळत नव्हतं. हिशोबात कुठंतरी चूक सापडली असती तर बरं झालं असतं. चुकीची माफी मागता येते. त्यानंतर ती रोज सकाळी नव्यानं तोच हिशोब मांडून बघे आणि रोज तो बरोबर येई.

*

आता प्रश्न होता घासायचं कुणी. मापं तर येतच होती.

दातांचे डॉक्टर, वडिलांच्या वेळेपासूनचे, स्वतः येऊन बसले. “आक्का, तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? घासायला बाहेर द्या. नदीपलीकडे मोठा कारखाना झालाय. पोरी बसवल्यात रांगेनं, सगळं झटपट. तुम्ही आपले दात लावा. ते तुमच्यासारखं कुणाला येत नाही, आणि घासणं काय, कुणालाही येतं.”

बारकी कोपऱ्यात पाण्याची वाफ घेत बसली होती. टॉवेलातून तिचा आवाज आला. “कुणालाही येतं ना डॉक्टरसाहेब, मग मागच्या महिन्यात तुमच्या सासूबाईंची कवळी दोनदा का आली माझ्याकडे?”

डॉक्टर हसले, आक्काही हसली. पण डॉक्टर गेल्यावर आक्कानं साच्यातून निघालेल्या कवळ्या डब्यात भरल्या आणि नदीपलीकडे धाडल्या. करणार काय? घासायला माणूस नाही आणि तोंडं तर उघडीच आहेत लोकांची.

त्या परत आल्या. आक्कानं एकेक काढून उजेडात धरली. काहीतरी खोट निघावी अशी तिची फार इच्छा होती. खोट नव्हती. कडा गोल, टाळू काचेसारखा, दातांच्या मुळाशी कुठं पावडर अडकलेली नाही.

बारकीनं हात पुढे केला. “बघू.”

तिनं कवळी कितीतरी वेळ पाहिली. आक्काला वाटलं, आता हिचं मन मोडणार. आपल्यावाचून अडत नाही हे कळणं काही सोपं नसतं.

“हात चांगला आहे,” बारकी म्हणाली. “कुणीतरी मनापासून घासलंय. डावखुरी असणार. बघ, इकडनं तिकडं गेलीये. तरुणच असेल, नाही? एवढा जोर आहे मनगटात म्हणजे तरुणच.” मग कवळी डब्यात ठेवताना म्हणाली, “नाकाला काही बांधते का, विचारायचं होतंस.”

आक्कानं विचारलं नव्हतं. तिनं डब्याचं झाकण लावलं, आणि त्यानंतर डबा नदीपलीकडे गेला नाही.

*

मग आक्कानं ठरवलं, अदलाबदल करायची. आपण आत जायचं, बारकीला मेणाशी बसवायचं. एवढ्या वर्षांनी का होईना.

बारकी बाहेरच्या टेबलाशी बसली ती नव्या सुनेसारखी, अंग चोरून. मेण तिच्या हातात कधी फार मऊ होई, कधी दगड. दात टेकवी तो तिरका बसे. तिरका सरळ करायला गेली की शेजारचा हले. दुपारपर्यंत कशीबशी वरची ओळ उभी राहिली. आक्कानं पाहिलं आणि ओठ दाबून धरले.

“हस, हस,” बारकी म्हणाली. “हा माणूस हसला ना, तर नातवंडं पळत सुटतील.”

“पहिल्या दिवशी एवढंच येतं.”

“आक्का, माझा पहिला दिवस वडील होते तेव्हा झाला. मला तेव्हाही येत नव्हतं. आता तर बोटं फक्त दाबायला शिकलीत, ठेवायला नाही.” तिनं चिमटा खाली ठेवला. “तू हे मला का करायला लावतेयस, ते कळतं मला.”

“का?”

“तुझं तुला बरं वाटावं म्हणून.”

आक्का समोरच्या स्टुलावर बसली. गेले काही दिवस जे घशात येऊन परत जात होतं ते आता बाहेर पडलं. “बारके, ते दार मी बसवलं.”

“मग? मी काय झोपले होते? रबराची पट्टी मी धरून दिली सुताराला.”

“पण ठरवलं मी. तू घास आणि मी लावते, हे मी ठरवलं.”

“ठरवलंस ते चांगलंच ठरवलंस. नाहीतर हे असले दात लावत जन्म गेला असता माझा, आणि पोरगी शिकली नसती ती वेगळीच. घासण्यानं मी माणसात आले गं. कुणीतरी नाव घेऊन विचारायला लागलं मला.” बारकी बोलता बोलता थांबली, श्वास घेतला. मेणाचा एक तुकडा उचलून ती बोटात मळू लागली. “एक विचारू? रागावू नको.”

“विचार.”

“तुला कधी असं नाही वाटलं, की आठवड्यातला एखादा दिवस हिला बाहेर बसवावं आणि आपण आत जावं? सहज. माझा खोकला तर ऐकू यायचाच ना दारातून.”

आक्काला खोटं बोलता आलं असतं. बारकीनं ते मानूनही घेतलं असतं.

“वाटलं होतं,” ती म्हणाली.

“मग?”

“त्या दिवशी कवळ्या कमी झाल्या असत्या.”

बारकीच्या बोटातलं मेण मऊ होऊन चपटं झालं होतं. तिनं ते टेबलाच्या कडेला चिकटवलं.

“हं,” ती म्हणाली.

तेवढंच. ती ओरडली असती, रडली असती, चार बोल सुनावले असते तर आक्कानं ते अंगावर घेतले असते, नाहीतरी त्यासाठीच ती बसली होती. पण ते ‘हं’ कशातच बसेना. त्यात राग नव्हता आणि माफीही नव्हती. बारकी उठली, हात धुतले, आतल्या दाराकडे बघून म्हणाली, “सुताराला बोलाव. त्या खिडकीचे खिळे काढून घे. आणि बाहेर वारा फेकणारा पंखा बसव. शेजारीण भांडायला आली तर तिला मी बघते. माझ्यात तेवढा दम अजून आहे.”

*

पंखा बसला. नाकातोंडाला घट्ट बसणारे चांगले मास्क आले. घासताना कवळी ओली ठेवायची, हे बारकीनं आक्काकडून तीन वेळा वदवून घेतलं. शेजारीण आली, बारकीशी बोलली आणि कपडे वाळत घालायची दोरी स्वतःच पलीकडच्या भिंतीला बांधून गेली. बारकी तिला काय म्हणाली ते दोघींपैकी कुणीच सांगितलं नाही.

कारखान्याचं गणित मात्र बिघडलं ते बिघडलंच. आक्का सकाळी दात लावी आणि दुपारी आत जाई. सहाच्या तीन झाल्या, कधी दोनच. दातांच्या डॉक्टरांनी निम्मी मापं दुसरीकडे वळवली, आणि जुनी ओळख म्हणून त्याबद्दल दिलगिरीही कळवली. मास्तरीणबाईनं शाळेनंतर शिकवण्या धरल्या.

पण खरी फजिती निराळीच झाली. आक्काला घासायला येईना.

एके काळी ती बारकीच्या पुढे होती. आपण अजून तिथंच उभ्या आहोत, अशी तिची समजूत होती. मधल्या वर्षांत बारकी ज्या गावाला जाऊन पोचली होती, तिथली वाटसुद्धा आक्काला ठाऊक नव्हती. चाक कवळी हातातून ओढून नेई. एकीकडे फार घासलं जाई, दुसरीकडे मुळीच नाही. पहिली कवळी तर तिच्या हातून उडून भिंतीवर आपटली आणि मधोमध तडकली. वर्षानुवर्षं ती दाराच्या अलीकडे बसून पलीकडची घरघर ऐकत आली होती आणि तिला वाटलं होतं, ऐकणं म्हणजे माहीत असणं.

“मोटरशी भांडू नको,” बारकी दाराबाहेरून सांगे. आत यायची तिला बंदी, म्हणून बंद दाराला पाठ लावून ती स्टूल टाकून बसलेली असे. “कवळी चाकावर दाबायची नाही. चाकाला तिच्याजवळ येऊ द्यायचं.”

“म्हणजे काय करू?”

“आता ते कसं सांगू बाई! मला बोटानं येतं, तोंडानं नाही.”

एके दिवशी एका म्हाताऱ्या बाईंची खालची कवळी होती. खालच्या कवळीत जीव नसतो, नुसता घोड्याच्या नालेसारखा आकार. पण टोचते तीच सगळ्यात जास्त. आक्कानं ती घासली, पाण्यात धुतली, पंखा तसाच चालू ठेवून दार बोटभर उघडलं आणि फटीतून बाहेर दिली.

बारकीनं डोळे मिटले. अंगठा कवळीच्या आतल्या बाजूनं हळूहळू फिरवत नेला, दाढेपासून दाढेपर्यंत. एका जागी अंगठा थांबला, मागे आला, पुन्हा थांबला.

“इथं.”

“कुठं? मला तर काही लागत नाही.”

“तुला नाही लागणार. तिला लागेल.”

कवळी आत गेली. थोड्या वेळानं फटीतून बाहेर आली. अंगठा फिरला.

“अजून.”

“बारके, ही माझ्या आईला चालली असती.”

“आई फार समजूतदार होती. घास.”

आक्का पुन्हा आत गेली. तिचे खांदे भरून आले होते, चष्म्यावर वाफ धरली होती. हे सगळं रोज, आणि ते हातरुमालाएवढं बंद भोक, आणि नाकावर नुसता सुती रुमाल. तिला वाटलं, बारकीनं आपल्याला दिवसभर असंच आतबाहेर करायला लावावं. संध्याकाळपर्यंत. उद्याही.

तिसऱ्या खेपेला अंगठा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता गेला. बारकीनं डोळे उघडले.

“आता जाईल,” ती म्हणाली.

आक्कानं मोटर बंद केली, दार पुरतं उघडलं आणि चष्मा, मास्क काढत बाहेर आली. मास्कखालचा चेहरा तिचा होता. वरचा सगळा पांढरा. केस झटकायला तिचा हात वर गेला.

“थांब!” बारकी स्टुलावरून उठली. “झटकू नको. झटकलं की उडतं. ओल्यानं पुसायचं असतं, वरून खाली. वेडी कुठली.”

तिनं फडकं पाण्यात बुडवून पिळलं आणि आक्कासमोर येऊन उभी राहिली. मग तोंड घट्ट मिटून घेतलं. आक्काच्या लक्षात यायला क्षणभर लागला. बारकीनं श्वास धरला होता.

“दे, मी पुसते,” आक्का म्हणाली. बारकीनं नुसती मान हलवली.

फडकं कपाळावरून उतरलं, एका भुवईवरून, मिटलेल्या पापणीवरून, गालावरून. शेंबड्या पोराचं तोंड पुसावं तसं, पण सावकाश, एकही कण हवेत जाऊ न देता. नाकाच्या मधोमध आल्यावर फडकं थांबलं.

बारकीला पुढं रेटवेना. ती दोन पावलं मागे सरली, रस्त्याकडच्या खिडकीकडे वळली आणि चौकटीला धरून श्वास घेऊ लागली, एक, मग दुसरा, तिसरा. तिची पाठ वरखाली होत होती.

आक्का जागची हलली नाही. अर्धा चेहरा पुसलेला आणि अर्धा पांढरा, तशीच हनुवटी जराशी वर करून उभी राहिली, बहीण परत येईपर्यंत.